चुंबक जिथे चिकटला नाही

मी एक सांगाडा बोलतोय. दचकू नका, माणसाचा नाही. माणसाच्या सांगाड्याला बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. माझ्याकडे थोडं आहे, तेवढं सांगून गप्प बसतो.

क्वाड नावाची गाडी तुम्ही पाहिली असेल. चार जाड चाकं, घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि रस्ता संपतो तिथून पुढे निघायचं. त्या गाडीला इंजिन असतं, टाकी असते, सीट असते, आणि या सगळ्या मंडळींना एकत्र धरून ठेवणारा लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. तो पिंजरा म्हणजे मी. लोक गाडीचं कौतुक करतात ते रंगाचं नाहीतर आवाजाचं. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. घराचा पाया बघायला तरी कोण वाकतं?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, साच्यात आवळल्या आणि एकेक जोड वेल्डिंगने पक्का केला. माझ्या अंगावर असे चाळीस जोड आहेत. एकोणचाळीस उत्तम झाले. चाळिसावा, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा दांडा जिथे मला येऊन मिळतो तो खालचा, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी झाला. वेल्डर भला माणूस होता, पण पोटात कावळे ओरडायला लागले की भल्या माणसाचाही हात घाईला येतो. जेवून आल्यावर परत एकदा बघू, असं तो म्हणाला. तो जेवून आला तोवर मी पुढच्या खोलीत काळा रंग लावून घेत होतो.

मला विकत घेतलं ते एका रोपवाटिकेच्या मालकाने. रोपवाटिका डोंगराच्या उतारावर होती. खाली घर, शेड आणि रोपांच्या ओळी. वर, अर्ध्या तासाच्या चढावर, जुन्या झाडांची बाग. कलमं बांधायच्या काड्या त्या वरच्या बागेतून आणायच्या असत. घरात माणसं तीन. मालक, त्याची धाकटी बहीण आणि त्याची मुलगी. मुलीची आई ती फार लहान असताना गेली होती, आणि तिला वाढवलं होतं आत्याने. वरची बागही आत्यानेच लावलेली. ती झाडांना नावं ठेवायची, म्हणजे दोन्ही अर्थांनी.

मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा बापाने तिला माझ्यावर बसवलं. आठवड्याभरात ती उलटसुलट, वरखाली, जिथे शेळीही विचार करून पाय टाकेल तिथे मला फिरवायला लागली. बाप तिला भिंगरी म्हणायचा. पुढे सगळेच म्हणायला लागले. पण एक सांगतो, मुलगी वेडीवाकडी चालवणारी नव्हती. उतारावर तर ती इतकी जपून उतरे की मला कंटाळा यायचा.

आता तिच्या बापाबद्दल. माणूस कष्टाळू. रोपाच्या मुळाशी एक मुंगी जास्त दिसली तर जेवण सोडून उठणारा. पण लोखंडाचं, लाकडाचं काही मोडलं की त्याच्या तोंडी एकच शब्द यायचा, ‘आत्तापुरतं’. खिडकी आत्तापुरती तारेने बांधलेली. ती तार गंजून तुटली तेव्हा आत्तापुरती दुसरी तार आली. नळाला आत्तापुरती चिंधी, खुर्चीच्या एका पायाखाली आत्तापुरती फरशीची कपची. आत्या म्हणायची, “दादाने मलाही आत्तापुरतंच ठेवून घेतलं होतं या घरात. पंचवीस वर्षं झाली.”

शेडमधल्या फळीवर लांबीचा डबा कायम असे. लांबी म्हणजे चिरा आणि खड्डे बुजवायचा लगदा. वाळला की दगडासारखा होतो, घासला की गुळगुळीत होतो, आणि वर रंगाचा हात फिरवला की खाली काय आहे ते कुणाच्या बापाला कळत नाही. या घरातल्या निम्म्या वस्तू लांबीवर उभ्या होत्या.

मी सात-आठ वर्षांचा असताना माझ्या चाळिसाव्या जोडाला चीर गेली. केसाएवढी. बाप मला धूत होता तेव्हा त्याला ती दिसली. तो उकिडवा बसला, नखाने चाचपली आणि म्हणाला, “अरेच्चा.” नंतर त्याने वर, रोपांच्या ओळींकडे बघितलं. दोन मोठ्या बागांची रोपं त्या आठवड्यात पोचवायची होती. वेल्डरकडे न्यायचं म्हणजे इंजिन उतरवा, चाकं काढा, दोन दिवस गेलेच. त्याने फळीवरचा डबा काढला. चीर भरली, घासली, आणि वर फाटकाचा उरलेला हिरवा रंग मारला. “आत्तापुरतं राहू दे. रविवारी नेऊ,” असं मलाच सांगून तो निघून गेला.

रविवार आला आणि रोपं पोचवण्यातच गेला. आठव्या दिवशी, भर दुपारी, भिंगरी वरच्या बागेतून खाली येत होती. मागे आत्या बसली होती, पुढच्या जाळीत काड्यांच्या दोन जुड्या होत्या. उताराच्या मधल्या वळणावर चीर उघडली. चाकाचा दांडा जागचा सरकला, डावं चाक आत वळलं, एका दगडात अडकलं आणि मी उलटलो. मुलीला खरचटलं. आत्याच्या मांडीचं हाड मोडलं. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

सगळे दवाखान्यात गेले. संध्याकाळी बाप एकटाच परत आला, कपडे न्यायला. आधी तो माझ्याकडे आला. मला सरळ करून त्याने खाली वाकून बघितलं, आणि बराच वेळ उठलाच नाही. मग तो मला ढकलत शेडमध्ये घेऊन गेला. हातोडीने दांड्याची जागा ठोकून सरळ केली. नवा डबा फोडला, चीर पुन्हा भरली, पुन्हा हिरवा रंग मारला. काम नेहमीपेक्षा नीट झालं. पहिली लांबी चालढकलीची होती. दुसरी भीतीची होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत.

दवाखान्यात मुलगी सगळ्यांना सांगत होती, “मी हळूच होते.” डॉक्टरांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, बापाला सांगितलं. सगळे म्हणाले, असू दे, होतं असं. पण ज्या सुरात म्हणाले त्या सुराचा अर्थ होता, जोरात होतीस. बापही म्हणाला, “असू दे. झालं ते झालं.” त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. महिन्याभरात मुलगी स्वतःच म्हणायला लागली, “असेन मी जोरात.” एकच गोष्ट दहा माणसांनी दहा वेळा ऐकवली की माणसाची स्वतःची आठवणसुद्धा उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसते. मी त्या वळणावर होतो, मला वेग माहीत होता. पण लोखंडाची साक्ष कोण घेतं?

एक आत्या मात्र सुरुवातीपासून तेच सांगत आली. “अगं, मी मागे बसून पेंगत होते. तुझ्या पाठीला डोकं लावून. जोरात असतीस तर मला पेंग आली असती का?” शंभरदा तरी सांगितलं असेल. सगळ्यांना वाटायचं, भाचीचं मन राखायला म्हणतेय. भाचीलाही तसंच वाटायचं.

त्यानंतर सात वर्षं मी शेडमध्ये उभा होतो. माझ्या सीटवर रिकामे ट्रे रचले गेले, जाळीत एका कोंबडीने संसार थाटला. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. मुलीने पुन्हा कुठल्याच गाडीला हात लावला नाही. कितीही लांब जायचं असो, पायी. ती खाली बसून कलमं बांधायची, दिवसाला दोनशे. कलमाची पट्टी तिच्या बोटांत अशी फिरायची की बघत राहावं. पण तिला भिंगरी म्हणायचं सगळ्यांनी सोडून दिलं. आत्या काठी घेऊन चालायला लागली. घराच्या अंगणापर्यंत तिचं राज्य, पुढे चढ. आणि बाप बहिणीच्या तैनातीत. पाणी गरम करून दे, उशी आणून दे, काठीला नवं रबर बसव. “दादा, इतकी सेवा करू नकोस,” आत्या म्हणायची, “मला संशय येतो.” ती थट्टेत म्हणायची. तो हसायचा आणि बाहेर जायचा.

एके सकाळी आत्या काठी टेकत शेडमध्ये आली, कोंबडीला उठवलं आणि माझ्यावर थाप मारून भाचीला म्हणाली, “मला वरची बाग बघायचीय.”

“बाबा फोटो काढून आणतील.”

“झाडं फोटोत बघायला मी काय परदेशात राहते? मला जायचंय. पायाने होत नाही. या गाडीवरून जायचंय, आणि तू न्यायचंस.”

“मी चालवणार नाही, आत्या.”

“बरं, चालवू नकोस. नुसती दुरुस्त कर. पुढचं पुढे बघू.” आत्याचं हे तंत्र होतं. आधी पाय ठेवायला जागा मागायची.

बापाला कळलं तेव्हा त्याच्या हातातला पाण्याचा पाइप खाली पडला. “ती भंगारात देऊ,” तो म्हणाला. “इतकी वर्षं पडलीय.” आत्या नाही म्हणाली. “मग मी घरीच रंग मारतो ब्रशने. आत्तापुरतं.” तेव्हा मुलगी म्हणाली, “नाही बाबा. आत्या बसणार आहे हिच्यावर. सगळं उघडायचं, आणि सांगाड्याला पावडर कोटिंग करायचं. रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवतात ते.”

“पावडर म्हणजे,” बापाने जरा थांबून विचारलं, “आधी वाळू मारतात का?”

“हो, पार लोखंड दिसेपर्यंत.”

बापाने पाइप उचलला आणि ज्या रोपांना नुकतंच पाणी घातलं होतं त्यांनाच परत घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं.

मेकॅनिकने माझ्या अंगावरचं सगळं उतरवलं आणि मुलगी मला टेम्पोतून पावडर कोटिंगच्या कारखान्यात घेऊन गेली. पत्र्याची मोठी शेड, एका बाजूला लाकडाची वखार, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान. आत वर एक लांब रूळ, त्याला आकडे, आणि आकड्यांना लटकलेल्या खुर्च्या, सायकलींचे सांगाडे, दवाखान्यातली एक खाट. टोकाला खोलीएवढी भट्टी. कारखाना चालवायच्या एक बाई. डोक्याला फडकं, गळ्यात दोन दोरे, एकाला चष्मा आणि एकाला चुंबक.

“घरी मारलेला रंग आहे,” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. “फाटकाचा उरलेला.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“उरतो तो फाटकाचाच.” बाईंनी चष्मा लावला आणि चुंबक हातात घेऊन माझ्या नळ्यांवरून फिरवायला सुरुवात केली. चुंबक टक्, टक् करत चिकटत होता. डावीकडे खाली, चाळिसाव्या जोडाशी आल्यावर तो चिकटला नाही. दोऱ्यावर लोंबत राहिला. बाईंनी परत लावून बघितला. परत सुटला.

“इथे लोखंड नाही, लांबी आहे,” त्या म्हणाल्या. “कोणी भरली?”

“माहीत नाही.”

“विचारून घ्या. भट्टीत लांबी चालत नाही. दोनशे अंशांवर ती फुगते, फुटते, आणि वरची सगळी पावडर घेऊन जाते. ब्रशच्या रंगाखाली काहीही खपतं, आमच्याकडे नाही. उद्या सकाळी काढू.”

मुलीने दारात जाऊन बापाला फोन लावला. “बाबा, डाव्या चाकाच्या जोडाशी लांबी भरलीय. तुम्ही भरली होती का?” तो म्हणाला, “आठवत नाही. तू घरी ये.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुलूप उघडलं तेव्हा बाप पायरीवर बसलेला होता. आत येऊन त्याने मला बघितलं आणि हात जोडल्यासारखे केले, पण जोडले नाहीत.

“एवढी जागा सोडून बाकी सगळीकडे वाळू मारा,” तो म्हणाला. “मी खाली वेल्डिंग करून घेतो नंतर. गुपचूप. आत्तापुरतं एवढं करा.”

“आत्तापुरतं माझ्याकडे होत नाही हो,” बाई म्हणाल्या. “भट्टीतून बाहेर येतं ते कायमचं येतं. आणि या जोडावर माणूस बसणार आहे ना? कोण बसणार आहे?”

“माझी बहीण. आणि चालवणार माझी मुलगी.”

“मग तुम्ही काय मागताय ते तुम्हीच ऐका एकदा.” बाईंनी चहा ओतला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. “छिन्नी मारली की दिसेलच. त्याआधी सांगायचं असेल तर पोरगी येईपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे.”

मुलगी आली. बापाला तिथे बघून तिला नवल वाटलं. बापाने तोंड उघडलं, आणि म्हणाला, “जेवून निघालीस ना?” ती हो म्हणाली. चहा निवला. बाईंनी अर्धा मिनिट वाट बघितली, मग छिन्नी उचलली.

दोन ठोक्यांत लांबीचा तुकडा सुटून बाईंच्या तळहातावर आला. त्यांनी तो उजेडात धरला. “दोनदा भरलीय,” त्या म्हणाल्या. “खाली पिवळट, वर पांढरी. दोन वेगळे डबे.” आणि तुकडा त्यांनी मुलीच्या हातात दिला.

मुलगी कलमं बांधणारी. साल, गाभा, थर बघण्यात तिची उमर गेलेली. तिने तुकडा फिरवला. पिवळट थर, त्यावर हिरवा रंग, त्यावर चरा गेल्याची खूण आणि मातीची रेघ, मग पांढरा थर, त्यावर परत तोच हिरवा रंग. मग ती खाली वाकली आणि माझी चीर बघितली. चिरेच्या कडा गंजलेल्या होत्या आणि शेजारी हातोडीचे व्रण होते.

“ही चीर कधीची?” तिने विचारलं.

“जुनी,” बाई म्हणाल्या. “गाडी चालत होती तेव्हाची. एकदा बुजवली, त्यावर गाडी चालवली, चीर फाकली, मग ठोकून परत बुजवली.” त्यांना बाकी काही माहीत नव्हतं. त्यांनी आपलं लोखंड वाचून दाखवलं.

मुलगी उठली आणि बापाकडे बघत उभी राहिली. इतकं शांत कुणी उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही, आणि मी सात वर्षं एका जागी उभा होतो.

“पिवळी मी भरली होती,” बाप म्हणाला. “आधी आठ दिवस. रविवारी वेल्डरकडे नेणार होतो.”

“आणि पांढरी?”

“तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. त्याच दिवशी.” तो खाली बघत होता. “रोज ठरवत होतो, आज सांगू. मग तू म्हणायला लागलीस की मीच जोरात असेन. मला वाटलं, जाऊ दे, पोरीने मानून घेतलंय. मी भेकड माणूस आहे. फार लाज वाटते मला.”

“मी किती जोरात होते, बाबा?”

“तू हळूच होतीस,” बाप म्हणाला.

मुलीने तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही. डोळे मात्र कोरडे नव्हते. “आत्याला तुम्ही सांगायचं,” ती म्हणाली. “आज. आणि सगळं. आत्तापुरतं थोडं नाही.” बाप गेला. जाताना दारात थांबला होता, पण तिने वळून बघितलं नाही.

मग माझ्यावर वाळू मारली. ते कसं वाटतं असं विचाराल, तर खाज सुटलेली पाठ कुणीतरी एकदाची खाजवावी तसं. बारीक वाळूचा मारा सगळीकडून आला आणि काळा, हिरवा, गंज, सगळं गेलं. मी राखाडी, उघडा, जन्मलो तसा झालो. वेल्डरला बोलावून चीर मुळापासून खणली आणि चाळिसावा जोड पुन्हा भरला. हा वेल्डर जेवून आला होता.

वेल्डिंगच्या जागी बोटाएवढा उंचवटा आला. बाईंनी विचारलं, “घासून सपाट करू? पावडरखाली कळणार नाही.”

“नको,” मुलगी म्हणाली. “दिसू दे तसंच.”

पावडर मारायच्या आधी आट्यांची भोकं आणि माझा नंबर झाकावा लागतो, नाहीतर त्यात पावडर बसते आणि बोल्ट आत जात नाही. भोकांत रबराची बुचं बसवतात आणि बाकी जागांवर उष्णतेची हिरवी पट्टी गुंडाळतात. मुलगी म्हणाली, “द्या इकडे.” कलमाची पट्टी फिरवणारी बोटं ती. सुरकुती नाही, फट नाही. बाई बघतच राहिल्या. “तुम्हाला काम हवंय का?” त्यांनी विचारलं, आणि मुलगी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मला आकड्याला टांगलं आणि एक तार जोडली. पावडरला विजेचा भार देतात. मग ती चिकटवावी लागत नाही, आपणहून धावत येते, नळीच्या मागच्या बाजूलाही वळसा घालून बसते. रंग आत्याने सांगितलेला, पिकल्या लिंबाचा. मग भट्टी. वीस मिनिटांत ती पिठासारखी पावडर वितळली आणि माझी कातडी झाली.

मी भट्टीत होतो त्याच सुमाराला घरी बाप आत्यापुढे बसला होता. ते मी पाहिलेलं नाही, पुढे शेडमध्ये आत्याच्याच तोंडून ऐकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पायाचं मी तुला सोडलं, दादा. हाड होतं, मोडलं. पण माझ्या पोरीला सात वर्षं मान खाली घालून चालायला लावलंस, ते मी कसं सोडू? मी ओरडून सांगत होते पेंगत होते म्हणून, आणि तू तिथे बसून ऐकत होतास.”

त्यानंतर अकरा दिवस ती भावाशी बोलली नाही, आणि मुलगी बापाशी. ताटावर बसून भाचीला म्हणायची, “विचार त्या गृहस्थांना, मीठ हवंय का.” भाचीने विचारायच्या आधीच गृहस्थ मान हलवायचे. त्या अकरा दिवसांत त्यांनी सुतार बोलावून खिडकीची चौकट बदलली, नळ बदलला, आणि लांबीचे दोन्ही डबे फेकून दिले. कुणी त्यांना शाबासकी दिली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही.

बाराव्या दिवशी मी पुन्हा गाडी झालो होतो. मुलगी माझ्यासमोर वाकली, चाळिसाव्या जोडावरून अंगठा फिरवला आणि वर बसली. पहिली पन्नास पावलं आम्ही इतक्या हळू गेलो की कोंबडी आमच्या पुढे निघून गेली. मागे बसलेली आत्या म्हणाली, “घाई नाही. माझा सात वर्षांचा उशीर झालाच आहे.”

वर आत्याने एकेक झाड हाताने चाचपलं. दोन झाडं वठली होती, त्यांना ती रागावली. एका झाडाशी बराच वेळ नुसती टेकून उभी राहिली आणि मोकळेपणी रडली. मग म्हणाली, “चला. पोट भरलं माझं.”

उतारावर मधल्या वळणाशी बाप उभा होता. वाटेतले दगड त्याने सकाळीच उचलून बाजूला रचले होते. आम्ही खाली येत होतो, पहिल्या गिअरमध्ये, पूर्वीसारखंच, मला कंटाळा येईल इतकं हळू. वळण जवळ आलं तशी मुलीची मूठ घट्ट झाली. आणि तेवढ्यात तिच्या पाठीवर काहीतरी टेकलं. आत्याचं डोकं. ती पेंगत होती.

मुलीने मला थांबवलं नाही. वेगही बदलला नाही. बापाच्या समोरून जाताना तिने फक्त मान मागे कलती केली आणि हळू आवाजात म्हणाली, “बघा बाबा, झोपलीय.” अकरा दिवसांत बापाला म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

बापाने बघितलं. “हो गं, भिंगरी,” तो म्हणाला, “बघितलं.” आणि रचलेल्या दगडांवर बसून त्याने उपरण्यात तोंड घातलं. आम्ही खाली गेलो. मागून तो चालत आला, पण जेवायच्या वेळेपर्यंत पोचला. मीठ हवंय का, हे त्या दिवशी आत्याने त्याला स्वतःच विचारलं.

आता मी लिंबाच्या रंगाचा आहे आणि आठवड्यातून तीनदा वर जातो. टाकी आणि सीटच्या खाली मी कुणाला दिसत नाही, तेवढा एक खडबडीत जोड डाव्या बाजूला दिसतो. मुलगी रोज निघताना त्यावर अंगठा फिरवते. नव्याने येणारे विचारतात, एवढं छान काम केलंय, तेवढं घासून का नाही घेतलं? मुलगी हसते आणि गाडी सुरू करते.

माझं एवढंच सांगणं होतं. तुमच्या घरातही कुठेतरी अशी एखादी जागा असेल, बाहेरून गुळगुळीत, वर चांगला रंग. आणि त्या जागेवर भरवसा टाकून कुणीतरी रोज उतार उतरत असेल. एकदा चुंबक फिरवून बघा. जिथे तो चिकटणार नाही तिथे छिन्नी तुम्हीच मारा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. रंगाचं काय, तो नंतरही देता येतो. येतो मी. आत्या काठी घेऊन शेडमध्ये आली आहे, आणि कोंबडीला उठवते आहे.